व्हॅल्युएशन साडेबहात्तर आलं

बँकेतल्या लोन ऑफिसरचा फोन आला तेव्हा मी पुनावळ्याच्या भुयारी मार्गात दोन टेम्पोंच्या मध्ये स्कूटर घेऊन अडकले होते. हेल्मेटमध्ये फोन खुपसला तर पलीकडून आवाज, "मॅडम, तुमचं टेक्निकल आलंय. साडेबहात्तर." मला वाटलं, चौरस मीटर सांगतायत. म्हटलं, "अहो, बाल्कन्या धरूनही एकाहत्तरच्या वर जात नाही." ते जरा थांबले. "एरिया नाही मॅडम, व्हॅल्यू. साडेबहात्तर लाख."

बिल्डरने आम्हाला भाव सांगितला होता ७८ लाख.

थोडं मागून सांगते. चौदा वर्षं चिंचवडला भाड्याने राहिलो. दिराने एका बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टमध्ये बुकिंग केलं होतं. त्याला ताबा ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा मिळाला आणि तोवर तो हप्ता आणि भाडं दोन्ही भरत राहिला. ते बघून आम्ही ठरवलं होतं, घ्यायचं तर तयार घर. भोगवटा पत्र, म्हणजे इमारतीत राहायची परवानगी, हातात असलेलं, नळाला पाणी आलेलं. या इमारतीला जानेवारी २०२५ मध्ये भोगवटा मिळाला आणि त्यात पाच-सहा फ्लॅट विकायचे राहिले होते. त्यातला एक नवव्या मजल्यावरचा, पूर्वेला तोंड असलेला.

सेल्स ऑफिसमध्ये काचेच्या टेबलावर एक कागद आला. त्याला कॉस्ट शीट म्हणतात. करारनाम्याची किंमत ७८ लाख, सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ५,४६,०००, नोंदणी ३०,०००, दोन वर्षांचा मेंटेनन्स जीएसटीसकट १,१८,०००, वकिलाचे २५,०००. एकूण ८५,१९,०००. सेल्स मॅनेजरने शेवटच्या आकड्याभोवती बॉलपेनने गोल काढला, मग त्या गोलाभोवती आणखी एक. "ओसी, म्हणजे भोगवटा पत्र, आलेली आहे, त्यामुळे जीएसटी शून्य. पाडव्यापर्यंतचा भाव आहे हा. पाडव्यानंतर मी काही बोलू शकत नाही."

पाडवा ३० मार्चला होता. आम्ही १ मार्चला तिथे बसलो होतो.

त्या दिवशी आम्ही एकच शहाणपण केलं आणि तेही माझ्या सासऱ्यांमुळे. बाबा एसटीत कंट्रोलर होते, छापील फॉर्म दिसला की खालच्या बारीक अक्षरांपासून वाचायला सुरुवात करतात. बुकिंग फॉर्मवर लिहिलं होतं की ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर रक्कम कापून परत. बाबांनी विचारलं, "आणि बँकेनेच कमी कर्ज दिलं तर?" सेल्सवाली पोरगी हसली. "काका, सगळ्या बँकांचं अप्रूव्हल आहे प्रोजेक्टला." बाबा म्हणाले, "मग लिहायला काय हरकत आहे?" दोनदा हेड ऑफिसला फोन झाले आणि शेवटी फॉर्मवर हाताने एक ओळ लिहून सही-शिक्का मिळाला: बँकेचं मूल्यांकन करार किमतीपेक्षा कमी आल्यास आणि ग्राहकाने त्या कारणाने बुकिंग रद्द केल्यास पूर्ण टोकन परत. टोकन म्हणून त्यांना पाच लाख हवे होते, आम्ही एकच दिला. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे रेरा या घरबांधणी प्रकल्पांवरच्या कायद्याच्या तेराव्या कलमात आहे, पण दहा टक्के द्यायलाच हवेत असं कुठेही नाही.

त्या "सगळ्या बँकांचं अप्रूव्हल"बद्दल नंतर कळलं. बँक प्रोजेक्ट मंजूर करते म्हणजे जमिनीची कागदपत्रं, नकाशे, परवानग्या एकदा तपासून ठेवते, प्रत्येक गिऱ्हाइकागणिक पुन्हा सगळं खणत बसत नाही. तुमचा फ्लॅट ७८ लाखांचा आहे की ७० चा, याच्याशी त्या मंजुरीचा काही संबंध नाही. तिथे व्हॅल्युअर येतो, बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा.

तो आला तेव्हा मी मुद्दाम अर्धी रजा काढून गेले. तिशीतला, पाठीवर सॅक, हातात लेझरचं मीटर. मला वाटलं होतं टाइल्स बघेल, किचनचा ओटा बघेल, दारं वाजवेल. त्याने त्यातलं फारसं काही केलं नाही. मीटर एका भिंतीला टेकवायचा, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा, आकडा वहीत. हॉलची रुंदी ब्रोशरात साडेदहा फूट होती, ठिपक्याने दाखवली दहा फूट तीन इंच. मी लगेच, "कमी आहे ना?" तो म्हणाला, "ब्रोशरातली मापं प्लास्टरच्या आधीची असतात मॅडम. बहुतेक ठिकाणी असंच."

मग त्याने खिडकीतून चारही बाजूंचे फोटो काढले, चतुःसीमा लिहून घेतल्या, आमच्या दाराचा नंबर दिसेल असा फोटो काढला आणि त्या फोटोत मला उभं केलं. दोन्ही लिफ्टने वर-खाली करून बघितलं. खाली आल्यावर वॉचमनशी गप्पा मारल्या: किती लोक राहायला आले, भाडं काय चाललंय, पाण्याचे टँकर किती येतात. मग नाक्यावरच्या एका एजंटला फोन. माझ्यासमोरच विचारलं, "इथे दोन बीएचके आत्ता कितीला उठतोय? मागतायत कितीला ते नको, उठतोय कितीला ते सांग." हा प्रश्न आम्ही एक महिना फिरलो तरी आम्हाला सुचला नव्हता.

आठवड्याभराने तो भुयारी मार्गातला फोन आला.

साडेबहात्तरचा अर्थ समजायला मला संध्याकाळ लागली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच देऊ शकते आणि आमची बँक किंमत धरताना करारनामा आणि मूल्यांकन यातला लहान आकडा घेते. मुद्रांक शुल्क, नोंदणी हे त्यात धरत नाहीत. ७८ लाखांवर आम्हाला ६२,४०,००० मिळणार होते. साडेबहात्तरवर ५८ लाख. म्हणजे ४,४०,००० आमच्या खिशातून, वरचे. शुल्कासकट आमची जुळवाजुळव २१,३६,००० ची होती. त्यात माझे पीएफमधले पैसे, बार्शीच्या प्लॉटचे आलेले पैसे आणि बाबांच्या दोन एफडी. त्याच्या पुढे चार लाख चाळीस हजार म्हणजे सोनं काढणं.

नवरा म्हणाला, "व्हॅल्युअर येडा आहे." मलाही आधी तसंच वाटलं. सेल्स मॅनेजरला कळवलं तर तो जराही गडबडला नाही. "सरकारी बँकेचे व्हॅल्युअर असेच. मी तुम्हाला दुसरी कर्ज देणारी कंपनी देतो, तिथे फुल व्हॅल्युएशन येतं." आलंही असतं, पण व्याज अर्ध्या टक्क्याने जास्त होतं. आणि मला एक कोडं पडलं होतं: एकाच फ्लॅटचं एकीकडे फुल आणि एकीकडे साडेबहात्तर येत असेल, तर हे मोजतात तरी काय?

बँकेने अहवालाची प्रत दिली नाही, फी आम्ही भरली असली तरी. पण लोन ऑफिसर भले होते, त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, ६७२ चौरस फूट, दर १०,२००, अधिक पार्किंगचे चार लाख. खाली शेरा: दर याच इमारतीतील नोंदणीकृत व्यवहारांवरून.

मी कॉस्ट शीट काढली. त्यावर एरिया होता ७६७. ७८ लाखांना ७६७ ने भागलं तर दर येतो दहा हजार एकशे सत्तरच्या आसपास, म्हणजे व्हॅल्युअरच्या दरापेक्षाही कमी! सेल्स मॅनेजर नंतर हेच तोंडावर म्हणाला, "बघा, आमचा रेट तर तुमच्या बँकेपेक्षा स्वस्त आहे." फरक दरात नव्हता, ज्याला दराने गुणायचं त्या आकड्यात होता. रेरा कार्पेट ६२.४० चौरस मीटर म्हणजे ६७२ फूट. बाल्कनी ६.१० आणि ड्राय बाल्कनी २.८० मीटर मिळवले की ७६७. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही. आतल्या भिंती येतात, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी, गच्ची नाही. ब्रोशरात मात्र तिन्ही एकत्र करून ठळक अक्षरात "टोटल कार्पेट" छापलं होतं आणि रेरा कार्पेट शेवटच्या पानावर, तेही चौरस मीटरमध्ये. खोटं कुठेच नव्हतं. मला गुणाकार येत होता, कशाला गुणायचं ते येत नव्हतं, एवढंच.

राहिला शेरा. नोंदणीकृत व्यवहार. ते बघायला व्हॅल्युअरच लागतो असं थोडंच आहे? नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. वर्ष, जिल्हा, गाव, सर्व्हे नंबर टाकला की त्या जमिनीवरच्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात. रात्री साडेदहाला बसले. ती साइट माणसाची परीक्षा घेते. कॅप्चा भरा, पुन्हा भरा, मग म्हणणार काही सापडलं नाही, मग तेच पुन्हा टाकलं की सापडणार. नवरा दोनदा झोपून उठला. पावणेएकच्या सुमारास आमच्या इमारतीचे दस्त ओळीने समोर आले.

इंडेक्स टू म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा एक पानी गोषवारा. पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार, दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव, पुढे जागेचं वर्णन, क्षेत्रफळ, देणारा, घेणारा, तारखा, भरलेलं शुल्क. मी फक्त ६२.४० मीटरवाले वेगळे काढले. तीन मिळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये चौथा मजला, मोबदला ७१,२०,०००. ऑक्टोबरात अकरावा मजला, ७२,००,०००. डिसेंबरात सातवा, ७२,७५,०००.

मी नवऱ्याला उठवलं. तो अंगावर पांघरूण घेऊनच आला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाला, "व्हॅल्युअर येडा नाहीये."

२२ मार्चला, शनिवारी, आम्ही तिघं गेलो. तीन प्रिंट घेऊन. मला वाटलं होतं कागद टेबलावर ठेवले की संपलं. मॅनेजरने तिन्ही नीट वाचले आणि म्हणाला, "बरोबर आहेत. पण मॅडम, यांनी यावर पाच टक्के जीएसटी भरलाय. तेव्हा ओसी नव्हती. तो मोबदल्यात दिसत नाही."

हे मात्र खरं होतं. आणि मी त्याचा विचार केला नव्हता. मोबाइल काढून तिथेच हिशेब केला. ७२,७५,००० वर पाच टक्के म्हणजे ७६,३८,७५०. ऑक्टोबरवाल्याला ७५,६०,००० पडला. व्हॅल्युअरचा आकडाही याच मोबदल्यांवरून आलेला, म्हणजे त्यातही जीएसटी नाही. साडेबहात्तर आणि अठ्ठ्याहत्तर यातली मोठी फट ही होती. बिल्डरने ओसीनंतर जीएसटी गेला म्हणून तेवढा भाव चढवला होता आणि त्यावर थोडं आणखी.

मी म्हटलं, "तो जीएसटी सरकारकडे जात होता. तुमच्या हातात तेव्हा पावणेत्र्याहत्तरच पडत होते. आता कर नाही, तर तो आमचा वाचायला हवा, तुमच्याकडे का?"

तो म्हणाला, "तयार घर आहे मॅडम. त्या लोकांनी वाट बघितली, रिस्क घेतली. तुम्ही पुढच्या महिन्यात गादी टाकणार. तयार घराचा भाव वेगळाच असतो."

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दिराचं बघितलं होतं आम्ही. पण तथ्य किती लाखांचं, यावर पुढचा तास गेला. आम्ही ७४ म्हटलं, तो ७७ वर आला, मग साडेशहात्तर, मग चहा. चहानंतर त्याने आवाज खाली आणून सुचवलं की करारनामा ७५ चा करू आणि वरचे दीड लाख इंटिरियर म्हणून वेगळ्या कागदावर, रोख. शुल्क पण वाचेल तुमचं. नवरा माझ्याकडे बघायला लागला. शुल्क वाचलं असतं दहा हजार. ज्या दीड लाखाची पावती घरावर नाही, ज्यावर बँक कर्ज देत नाही आणि जे घर विकताना खरेदीत दाखवता येणार नाहीत, ते मी का द्यावेत? मी म्हटलं, "जे काही असेल ते एकाच कागदावर." बाबांनी फक्त कप खाली ठेवला.

शेवटचं हत्यार त्याने काढलं ते रेडीरेकनरचं, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांचं. "१ एप्रिलला सरकार दर वाढवतंय. थांबलात तर शुल्कात मार खाल." आजूबाजूला सगळेच हे म्हणत होते, २०२२ नंतर दर वाढलेच नव्हते. पण आता माझ्याकडे तिसरा रकाना होता, त्याच सरकारी दराने काढलेला बाजारभाव. शुल्क मोबदला आणि बाजारभाव यातल्या मोठ्या आकड्यावर लागतं. आमच्या आकाराच्या फ्लॅटचा बाजारभाव त्या कागदांवर होता साधारण ५७,४०,०००. तो मोबदल्याच्या वर जायला सरकारला एका रात्रीत तीस टक्के वाढ करावी लागली असती. मी हे बोलल्यावर त्याने पहिल्यांदा खुर्ची मागे घेतली. नंतर पिंपरी-चिंचवडची वाढ जाहीर झाली ती ६.६९ टक्के.

त्या दिवशी आम्ही साडेशहात्तरवरच उठलो. टोकन परत मागायचा अर्ज बाबांनी घरून लिहूनच आणला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला, हाताने लिहिलेल्या त्या ओळीची झेरॉक्स जोडून. माझ्या पोटात गोळा. मला ते घर आवडलं होतं. पूर्वेच्या खिडकीत सकाळी कसं ऊन येईल हे मी मनात बघून ठेवलं होतं आणि अशा माणसाने भाव करायला जाऊच नये.

सहा दिवस कुणाचाही फोन नाही. २८ मार्चला, शुक्रवारी, संध्याकाळी सहाला आला. पाडवा दोन दिवसांवर, वर्ष संपायला तीन. ७५ लाख, पार्किंग स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, एकावर एक गाड्या चढवायच्या स्टॅकमधलं नाही, सोमवारपर्यंत बुकिंग कायम करायचं. मी सात मिनिटांनी परत फोन केला. ती सात मिनिटं फक्त इभ्रतीसाठी.

मुद्रांक शुल्काचं एक राहिलं. फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, सात ऐवजी सहा. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. ७५ लाखांवर ७५,००० रुपये. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो, त्याला घराच्या मालकीची गरज नाही. व्याजाची वजावट मालक नसलेल्याला मिळत नाही, पण आम्ही दोघंही नव्या करप्रणालीत, तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही. हिशेब स्वच्छ होता. तरी जेवताना मी विषय काढला तेव्हा ताटावर शांतता पसरली. एफडी बाबांच्या मोडलेल्या, हप्ते निम्मे नवऱ्याचे, आणि नाव एकटीचं माझं. बाबांनी आमटीचा भुरका घेतला. मग म्हणाले, "पंचाहत्तर हजारात सगळ्या घराचे पंखे, गिझर, पडदे होतात." एवढंच. विषय संपला.

सगळं धरून आमच्या खिशातून गेले २१,८०,०००: घराचे १७ लाख, शुल्काचे साडेचार लाख, नोंदणीचे तीस हजार. मेंटेनन्स आणि वकील वेगळे, ते आधीही वेगळेच धरले होते. म्हणजे पहिल्या जुळवाजुळवीपेक्षा चव्वेचाळीस हजार जास्त. भाव तीन लाखांनी उतरला, तरी रोख साधारण तेवढीच लागली, कारण कर्ज चार लाख चाळीस हजारांनी कमी झालं. सोनं मात्र डब्यातच राहिलं.

एक घोळ आम्ही केला. पन्नास लाख किंवा त्यावरच्या घराला बिल्डरला पैसे देताना एक टक्का टीडीएस आपणच कापून सरकारजमा करायचा असतो, टोकनपासून. आम्ही टोकनचा लाख पूर्ण देऊन बसलो होतो. दिराच्या सीएने पुढच्या चेकमधून तो हजार वळता करून फॉर्म भरून दिला, वर उशिराचं व्याज. रक्कम किरकोळ, पण त्याने ज्या नजरेने आमच्याकडे बघितलं ती विसरणार नाही.

९ एप्रिलला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर पाव टक्क्याने उतरला. आमच्या मंजुरीपत्रात सव्वाआठ होते ते आठ झाले आणि हप्ता साडेअठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास बसला. १६ एप्रिलला दुय्यम निबंधकांकडे दस्त झाला. अंगठा, फोटो, पुन्हा फोटो कारण माझे डोळे मिटले होते. संध्याकाळी आमचा इंडेक्स टू हातात आला. मोबदला ७५,००,०००, बाजारभाव एकसष्ट लाखांच्या घरात. बाबांनी तो चष्मा लावून पहिल्या रकान्यापासून चौदाव्यापर्यंत मोठ्याने वाचला.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी सेल्सवाली पोरगी पेढे घेऊन वर आली. फोटो झाले. जाताना दारात थांबून हळूच म्हणाली, "मॅडम, एक रिक्वेस्ट होती. वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट अजून जायचेत. तुम्हाला कितीला दिला ते प्लीज कुणाला सांगू नका हं."

मी म्हटलं, "मी कशाला सांगेन?"